आबांना न्यायचं कुठे

घरमालकीण दाराबाहेरच उभी राहिली. आत पाऊल टाकायला तयार नव्हती. हातात पालेभाजीची पिशवी, पायात घरातल्या चपला, म्हणजे बाजारातून परत येताना कुणीतरी कानाला लागलं असणार.

"रूईपिंग, इतकी वर्षं राहतेस, कधी भाड्यावरून तोंड वाजवलं नाहीस. तुझ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे इथे नको. वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे, खाली नवीन जोडपं आलंय. संध्याकाळच्या आत म्हाताऱ्यांना हलव."

"मावशी, अहो, आबा अजून..."

"अगं, अजून आहेत म्हणूनच आत्ता सांगतेय ना! नंतर सांगून काय उपयोग?"

एवढं बोलून ती खरोखरच हळहळली आणि पिशवीतून आल्याचा मोठा तुकडा काढून रूईपिंगच्या हातात ठेवून जिना उतरून गेली. रूईपिंग ते आलं धरून उभीच. राग आला होता, पण बाईचं काही चुकत नव्हतं. डोंगग्वानच्या या वस्तीत अर्ध्या चीनमधून आलेली माणसं दाटीवाटीने राहत होती, आणि कुठलाही मालक भाडेकरूला आपल्या छपराखाली मरू देत नव्हता. तसं झालं की ती खोली पुढे कुणी घेत नाही. रूईपिंगनेही घेतली नसती.

सकाळीच इस्पितळातून आबांना परत आणलं होतं. डॉक्टर म्हणाला, "घरी न्या, जे आवडतं ते खाऊ घाला." त्याचा अर्थ न कळण्याइतकं बावळट कुणीच नव्हतं. तरुणपणी आबांनी छोट्या खाणीतून कोळसा काढला होता. त्या कोळशाने त्यांची छाती आतून खाल्ली होती. आता ते पडद्यामागच्या खाटेवर पडून होते, उशाशी ऑक्सिजनची निळी पिशवी. आणि पडद्याच्या अलीकडे, जेवायच्या घडीच्या टेबलाभोवती, त्यांची तिन्ही मुलं बसली होती. थोरला बोशान, मधली रूईपिंग, धाकटा वेईमिन. सणावारालाही ही तिघं एका टेबलाला बसून किती दिवस झाले होते, कोण जाणे.

"ऐकलंत ना?" रूईपिंग म्हणाली. "आता काय ते लवकर ठरवा."

"ठरवायचं काय त्यात?" वेईमिन उठलाच. तो खोकी पोचवायची गाडी चालवायचा आणि त्याचं बोलणंही तसंच, ब्रेक उशिरा लागणारं. "मागची खोकी उतरवली, गादी टाकली. आत्ता निघालो तर उद्या सकाळी गावी, शीपानला. आबांना माजघरात, पूर्वजांच्या पाटीसमोर निजवायचं. पुरायची पेटी तयार आहे. इथे जीव गेला तर इथल्याच भट्टीत घालतील, मेलेल्या माणसाला शहराबाहेर नेऊ देत नाहीत. मग राख घेऊन जाणार का गावाला? आणि बाहेर मेलेल्याला आत घेतं का कुणी?"

नाही घेत. हे तिघांनाही ठाऊक होतं. शीपानमध्ये परमुलखात गेलेल्या माणसाला गावाबाहेरच्या मांडवात ठेवतात, स्वतःच्या घराचा उंबरा त्याला बंद. त्याचा जीव मग दारोदार हिंडत राहतो. म्हणून श्वास असताना न्यायचं. शेवटचा एक श्वास का होईना, तो आपल्या घरात सुटला पाहिजे.

"एवढा रस्ता आबांना सोसायचा नाही," बोशान म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"दादा, सोसायचा नाही तर नाही! वाटेत काय होईल ते होईल. इथे बसून तर होणारच आहे."

"घाट आहे. डोंगरातला रस्ता खराब आहे."

"मागच्या वर्षी सिमेंटचा झाला, तूच आलास ना सांगत?"

बोशानने नुसती नकारार्थी मान हलवली. रूईपिंगला नवल वाटलं. हा माणूस कधी अडून बसणारा नव्हता. शीपानच्या उतारावर मका आणि रताळी सोडून काही पिकत नव्हतं, धान्यकर भरून जे उरायचं ते थंडी संपेपर्यंत पुरायचं नाही. तेव्हा मिसरूडही न फुटलेला हा पोरगा कोळशाच्या ट्रकवर बसून इकडे आला होता. मग त्याने तिला आणून बुटांच्या कारखान्यात चिकटवलं, मग वेईमिनला आणलं. तिघांच्या पोटाला त्याने लावलं. त्याच्यासमोर आवाज चढवायची या घरात रीत नव्हती. आज मात्र तिनेही धाकट्याची बाजू घेतली.

"दादा, वेईमिन बरोबर बोलतोय. माझ्याकडे ठेवता येत नाही, हे तुलाही माहीत आहे."

तिचा नवरा क्वांगफू इतका वेळ दाराशी सिगारेट ओढत होता. आदल्या दिवशी त्याच्या आईचा गावाहून फोन आला होता, की लेकीच्या घरी बापाचा जीव गेला तर जावयाचं घर बसतं. "मी असलं मानत नाही," असं क्वांगफू म्हणाला होता, आणि तेव्हापासून जो दाराशी उभा होता तो आत बसलाच नव्हता.

"दादा, किल्ली दे," वेईमिन म्हणाला. "घराची. तिथे पोचून कुलूप फोडत बसायला नको."

बोशानने खिशात हात घातला आणि जुडगा टेबलावर ठेवला. त्यात ती जुनी लांब दांडीची लोखंडी किल्ली होतीच.

"किल्ली आहे," तो म्हणाला. "घर नाही."

"म्हणजे?"

"पाडलं. गेल्या वसंतात कबरी साफ करायला गेलो तेव्हा. सरकारी योजना होती. घराची जागा शेताला परत द्यायची, मोबदला घ्यायचा. अर्ध्या गावाने दिली. सगळी घरं बंदच होती, वेईमिन, कुलपं लटकत होती नुसती. छताचं एक अंग आधीच बसलं होतं."

"आणि तू येऊन काय सांगितलंस? ताईने विचारलं होतं तुला, घर कसं आहे. माझ्यासमोर विचारलं होतं. तू म्हणालास, ठीक आहे!"

"काय सांगणार होतो?"

"आता काय आहे तिथे?"

"मका," बोशान म्हणाला.

वेईमिनने टेबलावरून झेप घेऊन त्याची कॉलर धरली. चहाचा पेला लवंडला, क्वांगफू सिगारेट टाकून आत धावला. "चोरा! आई त्या घरात गेली, आम्ही त्या घरात जन्मलो, आणि तू ते विकून सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलास! मला वाटायचं, दादाने ओव्हरटाइम करून घेतला. लोकांना सांगत फिरायचो मी!"

"पोराला इथली शाळा मिळत नव्हती! फ्लॅट नसेल तर त्याला शीपानला पाठवायला लागलं असतं, एकट्याला. कुणाकडे? तूच सांग, कुणाकडे?"

"हळू, मेल्यांनो, हळू! आबा झोपलेत!" रूईपिंग दोघांच्या मध्ये घुसली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. विचारलं असतं तर तीही कदाचित हो म्हणाली असती, आणि न विचारता केलं याचाच तिला जास्त संताप होता.

"पेटी?"

पडद्यामागून आवाज आला. सगळे जागच्या जागी थांबले. बोशानने कॉलर सोडवून घेतली, पडदा सारला आणि खाटेपाशी गुडघे टेकले. आबांचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कुणास ठाऊक.

"पेटी कुठाय माझी?"

ती पेटी आबांनी साठी उलटल्यावर स्वतः उभं राहून करवून घेतली होती, घरामागच्या झाडांच्या लाकडाची. दर थंडीत तिला काळ्या लाखेचा एक हात द्यायचे. पाहुणे आले की दाखवायचे, वर बोटाने टकटक करून आवाज ऐकवायचे. इकडे आणलं तेव्हा आईच्या फोटोपेक्षा पेटीचाच घोर त्यांना जास्त होता.

"चुलत्याकडे ठेवलीय, आबा."

"घरात?"

"गोठ्यात. डुकरांच्या."

पिशवीतून ऑक्सिजन जाताना बारीक सूं असा आवाज येत होता तेवढाच.

"डुकरं आहेत का आत?"

"नाहीत, आबा. त्यांनी डुकरं पाळणं कधीच सोडलं. प्लास्टिकने नीट झाकलीय."

"मग बरंय." आबांनी डोळे मिटले, दम गोळा केला. "बोशान. मी काय बोलणार आता तुला. पण रस्त्यात नको रे. भाड्याच्या खोलीत नको. कुठलंही छप्पर असू दे, पण आपलं. मला बाहेरचा नको करू."

बोशानचा चेहरा बघवत नव्हता. वेईमिन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग भिंतीलाच म्हणाला, "तरी गावालाच नेऊ. चुलत्याच्या माजघरात."

"चुलता घेईल?" रूईपिंगने विचारलं. "दुसऱ्याचा मरता माणूस आपल्या माजघरात? तू घेशील? चुलत्याने पेटीसुद्धा घरात घेतली नाही."

"मग काय करू म्हणतेस, ताई?"

ती काय म्हणते ते तिलाही बोलेपर्यंत माहीत नव्हतं. "दादाकडे न्यायचं. शीपानचं घर कुठे गेलेलं नाही. ते दादाच्या फ्लॅटमध्ये आहे. तिथल्या मोबदल्यानेच इथलं दार बसलंय ना? मग ते आबांचं घर. थोरल्या मुलाचा हॉल म्हणजेच आबांचं माजघर. चल, दादा, वहिनीला फोन लाव."

"वेनली नाही म्हणेल."

"मग तुझ्या तोंडावर नाही, माझ्या तोंडावर म्हणू दे."

फोन लावला, टेबलावर उताणा ठेवला. वेनलीवहिनीचा आवाज आला तो तयारीनेच आला. नवऱ्याने सकाळीच कानावर घातलं असणार.

"रूईपिंग, तुला काय विचारायचंय ते मला कळलंय. पुढच्या महिन्यात पोराची परीक्षा आहे. त्याच हॉलमध्ये तो अभ्यासाला बसतो. उद्या तिथे त्याला भीती वाटली, झोप उडाली, तर? मोठे लोक रडून मोकळे होतील, त्याचं वर्ष कोण भरून देणार?"

"वहिनी, त्याच पोराला आबांनी मांडीवर..."

"मांडीवर घेतलं, माहितेय! मी कृतघ्न नाही. आणि मला वाईट ठरवायचं तुम्ही ठरवलंच असेल तर तेही करा. पण एक ऐक. मी बाहुल्यांचे डोळे रंगवून रंगवून स्वतःचे डोळे घालवलेत. सुईत दोरा ओवता येत नाही मला. त्या घरात माझ्याही विटा आहेत."

"आहेत. नाही कोण म्हणतंय? पण आबांच्याही आहेत, वहिनी. आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं."

बोशानने तोंडावर हात घेतला होता. मग तो एकदम फोनवर वाकला. "वेनली, मी आणतोय त्यांना. तू दार लावलंस तर मी दाराबाहेर बसेन. त्यांना घेऊन बसेन." रूईपिंगने उभ्या जन्मात दादाला बायकोशी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

वहिनी बोलली तेव्हा आवाज बदलला होता. चिडका नव्हता, पण पक्का होता. "ठीक. आता माझंही ऐका. आमच्या माहेरीही तीच रीत आहे. चालता श्वास घेऊन आला तो घरचा. श्वास सोडून आला तो बाहेरचा. बाहेरचं मरण मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही, मला पोर आहे. श्वास असताना आणा, मी खाट मांडून ठेवते. वाटेत गेले तर तिथूनच माघारी वळा. दारात मी स्वतः बघणार. कुणी मला सांगायचं नाही."

"कबूल," रूईपिंग म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

खाली उतरवताना घरमालकीण जिन्याखाली हात जोडून उभी होती. गाडीत गादीवर आबा, त्यांचं डोकं रूईपिंगच्या मांडीवर. बोशान पिशवी धरून, क्वांगफू पुढे, वेईमिन गाडी चालवत. निघताना घरच्यांनी जाणाऱ्याला रस्ता सांगायचा असतो. पूल आला की पूल सांगायचा, वळण आलं की वळण, म्हणजे जीव मागे राहत नाही, अंगाबरोबर येतो. वेईमिनने सुरुवात केली.

"आबा, खिंड ओलांडली हं. आता खालचा ओढा. आता दगडी पूल..."

रूईपिंग ओरडली, "काय सांगतोयस? कुठला ओढा?"

"त्यांना बरं वाटेल, ताई."

"बरं वाटेल? अरे, जीव ऐकत ऐकत येतो! तू ओढा सांगितलास तर तो शीपानला जाईल. तिथे जाऊन मक्यात उभा राहील! जे आहे ते सांग."

"मग काय सांगू? पुठ्ठ्याचा कारखाना आला, असं सांगू?"

"तेच सांग!"

वेईमिनने बाहीने डोळे पुसले. "आबा," तो मोठ्याने म्हणाला, "पुठ्ठ्याचा कारखाना आला. डावीकडे वळतोय."

आबांचे ओठ हलले. रूईपिंगने कान खाली नेला.

"माहितेय मला," आबा म्हणत होते. "कोपऱ्यावर पत्ते खेळतात. तुझ्या पोरीला शाळेत... इथूनच न्यायचो."

रूईपिंगने नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली. रडणं वाटेत चालत नाही. मग तिनेच सांगायला घेतलं. बाजार आला, आबा. आता उड्डाणपूल, ट्रक फार आहेत. ही बुटांच्या कारखान्याची मागची भिंत, इथे मी कामाला होते. आता दादाचं फाटक.

फाटकावर चौकीदाराने विचारलं. बोशान म्हणाला, "वडील आहेत, इस्पितळातून घरी आणतोय." खोटं नव्हतंच त्यात काही. लिफ्टमध्ये आडवं नेता येईना, म्हणून चौकीतली प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, आबांना तिच्यात बसवून चादरीने बांधलं. दोघा भावांनी दोन बाजूंनी धरलं. क्वांगफू गाडीपाशी थांबला. लिफ्टमध्ये कांद्याच्या पातीची जुडी घेतलेली एक शेजारीण होती.

"आजोबा आले वाटतं! आता बरे आहेत ना?"

"बरे आहेत," बोशान म्हणाला.

रूईपिंगचा अंगठा आबांच्या मनगटावर होता. घरातून निघाल्यापासून तो तिथेच होता. चौथ्या मजल्यावर शेजारीण उतरली, दार लागलं, लिफ्ट हलली, आणि अंगठ्याखाली काही लागेनासं झालं. तिने अंगठा जरा सरकवला. पुन्हा सरकवला. आबांचं डोकं तिच्या कुशीला टेकलं, नेहमीपेक्षा जड.

दोघा भावांना कळलं नव्हतं. वेईमिन पिशवी दाबत होता, बोशान वरचे आकडे बघत होता. सांगितलं तर लिफ्ट खाली न्यावी लागेल. शब्द दिला होता, आणि तो तिनेच दिला होता. तिने आबांच्या अंगरख्याचं वरचं बटण लावलं.

"आबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला परका वाटला. "पाचवा मजला गेला. सहावा आला. आता घर."

दार उघडं होतं. वेनलीवहिनी उंबऱ्याच्या आत उभी होती, बाह्या वर केलेल्या, केस फडक्याने बांधलेले. मागे हॉलमधला सोफा भिंतीला उभा केलेला, मधोमध खाट, तिच्यावर नवी कोरी चादर. पोराच्या पुस्तकांचं टेबल कुठे दिसत नव्हतं. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं होतं आणि त्यातून दोन डोळे बघत होते.

"थांबा," वहिनी म्हणाली.

खुर्ची उंबऱ्याबाहेर थांबली. ती वाकली. तिने नळी बाजूला केली आणि उजव्या हाताची दोन बोटं आबांच्या नाकाखाली धरली. रूईपिंगने मनगट सोडलं नाही आणि नजरही खाली केली नाही. तिला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती. वहिनीने वर पाहिलं. दोघींची नजर तशीच एकमेकींवर राहिली. त्या अधू झालेल्या डोळ्यांत राग नव्हता. वहिनीला कळलं होतं. बोटं मात्र तिने काढली नाहीत, तिथेच धरून ठेवली, शेजारच्यांना दिसावं इतका वेळ.

"श्वास आहे," वहिनी मोठ्याने म्हणाली. "मंद आहे, पण आहे. बाजूला व्हा सगळे." मग ती आबांच्या कानाशी वाकली. "आबा, इथे उंबरा आहे, सांभाळून. घरी आलात."

खुर्ची आत उचलताना बोशानचा हात बापाच्या गालाला लागला. तो जागीच थबकला, त्याचं तोंड वाकडं झालं आणि छातीतून मोठा आवाज यायला लागला. वहिनीने त्याचा दंड करकचून धरला.

"आत्ता नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आधी त्यांना आत घ्या. मग रडा."